अण्णांचा राहिलेला शेवटचा भाग

माझ्या डोळ्यांदेखत लबाडी करून सुटलेला माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, आमच्या शाळेतले सगळे म्हणतात. (म्हणजे मीच त्यांना म्हणायला लावते, पण म्हणतात.) दहावीच्या परीक्षेला माझं सुपरव्हिजन आलं, की पोरं कॉप्या घरी ठेवून येतात. सॉक्समधून, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागून मी चिठ्ठ्या काढल्यात. एकदा तर एकाच्या हाताच्या प्लास्टरमधून काढली! हात खरंच मोडलेला होता, तो जरा ओरडला, पण चिठ्ठी निघाली.

ही विद्या मला कुणी शिकवली? बी.एड.च्या कॉलेजने नव्हे. तपासनीस तांबोळकरांनी!

आत्ता पन्नाशीला टेकलेल्या वाचकांपैकी निम्म्यांनी 'अगंबाई, तांबोळकर!' म्हटलं असेल. उरलेल्यांसाठी सांगते. आम्ही शाळेत होतो तेव्हा दर बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर ही मालिका लागायची. धोतर, काळा कोट, हातात अडकित्ता, आणि चेहरा असा की आत्ता डुलकी लागेल. पण बुवांचं डोकं भलतं तल्लख! तांबोळकर कधीच कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत. सगळ्यांना गोळा करून चहा घेत बसायचे आणि मुद्दाम काहीतरी धडधडीत चुकीचं बोलायचे. गुन्हेगाराला ते ऐकवायचं नाही, तो पटकन दुरुस्त करायला जायचा आणि अडकायचा! मग तांबोळकर सुपारी कातरत म्हणायचे, "खोटं ठासून सांगावं. खरं ज्याला माहीत असतं, त्याला ते सहन होत नाही." याच एका वाक्यावर मी आजवर निम्मी दहावी पकडलीय.

तर ही गोष्ट त्या मालिकेच्या शेवटच्या भागाची आहे. आणि अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, तिथल्याच कॉलनीत आम्ही राहायचो. दोन खोल्या. त्यात अण्णा, आई, मी, धाकटा हर्षल, आजी आणि लग्नाची मालूआत्या. शिवाय एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याला झालर लावलेलं कव्हर. आणि गच्चीवर अँटेना! ही अँटेना भारी नाटकी होती. आठवडाभर ठीक चालायची आणि बुधवारी रुसायची. अण्णा संध्याकाळी पाण्याची टाकी बघून खाली यायचे, हातपाय धुऊन खुर्चीत टेकायचे, आम्ही टीव्ही लावायचो, की पडद्यावर मुंग्याच मुंग्या! मग अण्णा बिचारे सुस्कारा टाकून पुन्हा गच्चीवर.

"आलं का?" वरून अण्णा.

"नाही! डावीकडे!" खिडकीतून हर्षल.

"आता?"

"आलं, आलं, आलं… गेलं!"

"आता?"

"आलं! हलू नका अण्णा! तसेच धरून राहा!"

आणि अण्णा तसेच धरून राहायचे. भाग संपेपर्यंत! आई मधेच त्यांच्यासाठी चहा घेऊन वर जायची, तीही बिचारी अर्ध्या भागाला मुकायची. आम्ही मात्र खाली पसरून तांबोळकर बघायचो. असा बाप मिळायला नशीब लागतं हो!

शेवटचा भाग होता नथीच्या चोरीचा. मोठं घर, सणाचं जेवण, आणि थोरल्या बाईंची मोत्यांची नथ गायब. संशयित चार. घरचे डॉक्टर, मुनीम, धाकट्या वहिनी, आणि एक गायनमास्तर, जो सारखा पेटी वाजवत बसलेला असतो. तांबोळकर सगळ्यांना पंगतीत बसवतात, अडकित्ता उघडतात, म्हणतात, "चोर आहे…" आणि नेमक्या त्या क्षणाला आमच्या टीव्हीवर मुंग्यांनी हल्ला केला! त्या मुंग्यांतून एक हात पुढे आला, त्याने कुणाचं तरी मनगट धरलं, कुणीतरी रडलं, आणि खाली नावं सरकायला लागली.

कुणाचं मनगट? मी स्वच्छ पाहिलं, डॉक्टरचं! हर्षल म्हणाला, मुनीमाचं. मालूआत्या म्हणाली, "मनगटात बांगड्या होत्या, वहिनीच!" जी काही जुंपली आमची! तेवढ्यात अण्णा जिन्यावरून खाली आले, मागून आई रिकामा कप घेऊन. आम्ही तिघं एकदम त्यांच्या अंगावर धावलो. "अण्णा, डॉक्टर!" "अण्णा, मुनीम!" अण्णांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडले, "सांगू नका! मला काही सांगू नका! पुन्हा लागेल तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी बघेन!"

पुन्हा ती मालिका कधीच लागली नाही.

झाली की छत्तीस वर्षं! तेव्हापासून घरात एक अलिखित कायदा आहे. अण्णांसमोर नथ हा शब्द काढायचा नाही. विषय निघाला की अण्णांची बोटं कानांत जातात. आणि दुसरा कायदा असा, की ज्या माणसाने आपल्यासाठी गच्चीवर उभं राहून शेवट सोडला, त्याला टीव्हीसमोरची खुर्ची आणि रिमोट जन्मभर आंदण. आई गेल्यावर अण्णा इंदिरानगरला आमच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेबरोबर हे दोन्ही कायदेही आले. माझा नवरा उपेंद्र गरीब स्वभावाचा. त्याने गेल्या पाच वर्षांत एक क्रिकेटची मॅच पूर्ण पाहिलेली नाही.

या वर्षी अण्णांना एक्क्याऐंशी लागलं. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम करायचा ठरला. त्याच सुमारास डोळ्यांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काचबिंदू आहे. आत्ता बरं दिसतंय, पण पुढचं सांगता येत नाही. त्यांना जे बघायचं असेल ते बघू द्या." मी रिक्षात बसून भद्रकालीपर्यंत रडले. लोक मुलीकडे काशी मागतात, पंचवीस माणसांची ट्रिप मागतात. माझ्या बापाने आयुष्यात एकच गोष्ट बघायची ठेवली होती, आणि तीही माझ्यामुळे राहिलेली. ठरवलं! अण्णांना तो शेवट दाखवायचा. सहस्रचंद्राच्या दिवशी, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर!

माझी लेक मृण्मयी म्हणाली, "आई, नेटवर नाहीये तो भाग. मी सगळीकडे शोधलं."

"मग लोकांना विचार."

तिने फेसबुकवर विचारलं आणि चौथ्या दिवशी मनमाडहून खंडेराव नावाच्या गृहस्थांचा फोन आला. रेल्वेतून रिटायर झालेले. "ताई, तुमच्या तांबोळकरची क्यासेट हाय आपल्याकडं! माझी ड्युटी रातची, म्हणून घरची मंडळी टेप करून ठेवायची."

"शेवटचा भाग आहे?"

"नथीचा ना? हाय की!"

मी आणि उपेंद्र रविवारी मनमाडला. खंडेरावांच्या पत्नी सगुणाबाईंनी आधी भाकरी-भरीत खाऊ घातलं, मग कपाटातून लुगड्यात गुंडाळलेली कॅसेट काढली. मी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी.

"चोर कोण असतो हो?" उपेंद्रने विचारलं.

"ए! गप्प बस!" मी किंचाळले. "अण्णांच्या आधी कुणालाही कळता कामा नये!"

"मला तरी कुठं माहीत?" खंडेराव म्हणाले. "टेप केलं, पण बघायचं राहूनच गेलं बघा. अन् मग ते मशिनच मेलं."

सगुणाबाई काहीतरी सांगायला गेल्या, "पण ताई, त्या क्यासेटीच्या शेवटाला…" मी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला! "शेवट नका सांगू काकू, तुम्हाला शपथ आहे!" बाई घाबरून गप्प झाल्या. आता कळतं, मी तेव्हा हात ठेवायला नको होता.

कॅसेटचं पेन ड्राइव्हवर करून घ्यायला एका स्टुडिओत दिली. तिथल्या माणसाला मी बजावलं, "करा, पण बघायचं नाही."

"बघितल्याशिवाय कसं कळणार मॅडम, नीट आलंय का ते?"

"सुरुवात बघा आणि तोंड फिरवा!"

त्याने बिचाऱ्याने तोंड फिरवलं. परत देताना म्हणाला, "चित्र आहे, पण रंग उडालेत. सगळं राखाडी आहे." मी म्हटलं, चालेल, आमच्या टीव्हीवर तरी कुठे रंग होते!

आता हॉल. आमच्या सोसायटीचे चेअरमन बोरस्ते खाली बागेत भेटले. पलीकडच्याच बाकावर अण्णा ऊन खात बसलेले! मोठ्याने बोलायची सोय नाही. मी बोरस्तेंच्या कानाशी लागले. "रविवारी दुपारी जेवणानंतर हॉलमध्ये पडदा आणि प्रोजेक्टर लागेल."

"कशाला?"

"चोर कोण ते दाखवायचंय. सगळ्यांसमोर! व्हिडिओ मिळालाय मला. पण आत्ता कुठे बोलू नका, प्लीज."

बोरस्तेंचे डोळे बशीएवढे झाले. त्यांनी माझा हात धरून दाबला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सोसायटीवर उपकार केलेत!" मला वाटलं, काय जुनी मालिकाप्रेमी माणसं असतात एकेक!

मला काय माहीत, की सोसायटीच्या बागेतली जास्वंदीची फुलं दोन महिने रोज पहाटे कुणीतरी चोरतंय? बोरस्तेंनी त्यासाठी कॅमेरा बसवला होता (त्यात पहाटेच्या अंधारात कुणाचं तोंडच दिसायचं नाही), 'चोराचं नाव फलकावर लावू' अशी पाटीसुद्धा लावली होती. पण मी सोसायटीचा ग्रुप म्यूट करून ठेवलाय. त्यामुळे त्याच रात्री त्यांनी टाकलेला मेसेजही मी वाचला नाही. 'रविवारी दुपारी हॉलमध्ये चोर व्हिडिओ पुराव्यासह जाहीर होईल. सर्वांनी उपस्थित राहावे. संबंधितांनी नोंद घ्यावी.'

रविवार उजाडला. पंचवटीतून गुरुजी आले. अण्णा नवं उपरणं घेऊन पाटावर. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळताना मालूआत्याच्या ताटाला हर्षलचं ताट लागलं, आणि तेवढ्यावरून सुरू!

"बघ, तुझं लक्ष नसतं," आत्या म्हणाली. "तेव्हाही नव्हतं. म्हणे मुनीम!"

"आत्या, बांगड्या नव्हत्या त्या, घड्याळ होतं!"

"हळू!" मी दटावलं. अण्णांची बोटं अर्ध्या रस्त्यात होती.

गुरुजींनी मंत्र थांबवून मला विचारलं, "कसला मुनीम?" मी पटकन सगळं सांगितलं. गुरुजी लहानपणी तांबोळकर बघायचे! "मलाही आठवत नाही हो शेवट," ते म्हणाले, "थांबा, पुढचं जरा भरभर घेतो." आणि उरलेली शांत त्यांनी अशी घेतली, की सोवळ्यातले काका शेवटच्या आहुतीला तूप घेऊन धावत होते.

जेवणं साठ माणसांची सांगितलेली. आली एकशे दहा! मला कळेना, अण्णांचा लोकसंग्रह एवढा कधी झाला? ए विंगमधले, जे जिन्यात दिसले तरी हसत नाहीत, ते सहकुटुंब हजर! जिलब्या अर्ध्या करून वाढल्या. एक बाई मला म्हणाल्या, "बरं झालं मॅडम, एकदाचं पकडलंत." म्हटलं, असेल, यांनाही नथीची रुखरुख लागली असेल.

पडदा लागला. अण्णांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. मी त्यांचा हात धरला. "अण्णा, डोळे उघडा आणि बघा." आणि पडद्यावर ती घरघर करणारी जुनी धून वाजली.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डोळ्यांत पाणी! मी हर्षलकडे बघितलं, हर्षलने माझ्याकडे. छत्तीस वर्षांचं ऋण फिटताना असं वाटतं तर, मला वाटलं.

मागे मात्र कुजबुज. "हा कोण धोतरवाला?" "हा कॅमेरा कुठला?" बोरस्ते पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, आपला भाग कधी येणार?" मी म्हटलं, "येतोय, येतोय! शेवटी!"

आली पंगत. तांबोळकरांनी अडकित्ता उघडला. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "चोर परका नाही. आपल्याच माणसांत बसलाय. आणि आत्ता, या क्षणी, तो माझ्याकडे बघतोय."

आणि शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बोरस्तेंच्या आई, रंगूबाई, पदर खोचून उभ्या!

"ऱ्हाऊ दे! बंद कर ते! मीच तोडते फुलं!"

"आई?" बोरस्ते.

"मग काय! रोज पहाटे तोडते. देवालाच वाहते ना? का इकायला नेते? अन् तू आईच्या मागं क्यामेरा लावतो व्हय रे? आता येवढ्या लोकांत आणून बसवलं मला!"

एकशे दहा माणसं मागे वळलेली. बोरस्तेंचा रंग पडद्यावरच्या तांबोळकरांसारखा राखाडी झाला. आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेवढ्यात अण्णा ओरडले, "अहो रंगूबाई, बसा! उद्यापासून मी देतो तुम्हाला फुलं! तांबोळकर थांबत नाहीत!"

सगळे पुन्हा पुढे वळले. तांबोळकर उठले होते. हळूहळू पंगतीच्या मागून चालले होते. डॉक्टर घाम पुसतोय. मुनीम पाणी पितोय. वहिनी बांगड्या चाळवतायत. तांबोळकर थांबले. "चोर आहे…"

ढॅण ढॅण ढॅण ढॅण!

पडद्यावर बँड! डगलेवाले, झांजा, मधे घोड्यावर नवरदेव, आणि रस्ताभर नाचणारी माणसं!

"अगंबाई, लग्न कुणाचं?" मालूआत्या म्हणाली.

"नवरदेवच चोर असणार," गुरुजी ठामपणे म्हणाले. "पळून चाललाय."

पण नवरदेवाच्या पुढे टोपी उडवत नाचत होते ते आमचे खंडेराव! चाळीस किलो कमी आणि मिशा काळ्या, पण खंडेरावच! मी मनमाडला फोन लावला. सगुणाबाईंनी उचलला. "तेच सांगत होते ना ताई! क्यासेटीच्या शेवटाला माझ्या भावाची वरात हाय. दुसरी क्यासेट नव्हती, म्हणून त्या शेवटावरच टेप केली! तुम्ही तोंडच दाबलं माझं."

मोठ्या पडद्यावर खंडेराव जमिनीवर लोळण घेऊन नागीण नाच करत होते आणि माझा बाप ते टक लावून बघत होता. एवढं करून शेवटी काय? वरात! त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला म्हणून सांगू! तोंडावर हात काय ठेवले, माना काय फिरवायला लावल्या!

"जाऊ दे ताई," हर्षल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "आता निदान तोंडाने तरी सांगू या अण्णांना. मुनीम होता."

"मुनीम?" मी उसळले. सगळा राग तिथेच निघाला. "डॉक्टर होता! नथ औषधाच्या बाटलीत होती! मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"अंबाड्यात होती!" आत्या. "वहिनीच्या!"

"गादीखाली!"

"बाटलीत!"

"अंबाड्यात!"

"अरे गप्प बसा!" अण्णा खुर्चीतून उभेच राहिले. "छत्तीस वर्षं ऐकतोय! कसला डॉक्टर आणि कसला मुनीम! गायनमास्तर! तो जांभळ्या शालीतला गायनमास्तर! नथ पेटीच्या आत लपवलेली, म्हणून तर त्याचा एक सूर उमटत नव्हता! एवढी साधी गोष्ट कळू नये तुम्हाला?"

पडद्यावर मनमाडचा बँड चालूच होता.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही तर शेवट पाहिला नव्हता."

"नाहीच पाहिला." अण्णा पटकन बसले. "अंदाज. पेटीवरून बांधला. आत्ताच."

"आणि शाल?"

"कसली शाल?"

"जांभळी. आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. ही कॅसेट राखाडी. जांभळी शाल तुम्हाला दिसली कुठे?"

अण्णांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं आणि घडी घालायला लागले. घातली, उलगडली, परत घातली. दहावीच्या वर्गात चिठ्ठी सापडलेला मुलगा अगदी हेच करतो, रुमालाशी!

"समोरच्या बिल्डिंगमध्ये," ते शेवटी म्हणाले, "मोठे साहेब राहायचे. त्यांच्याकडे रंगीत होता. आपल्या गच्चीवरून त्यांच्या खिडकीतनं स्वच्छ दिसायचा. आवाज तर काय, सगळ्या कॉलनीतून यायचा."

"म्हणजे दर बुधवारी तुम्ही…"

"सगळे भाग. पहिल्यापासून. रंगीत."

हर्षलने कपाळावर हात मारला. मला मात्र आता राहवेना. मुंग्या! अँटेना आठवडाभर ठीक आणि बुधवारीच रुसते? आणि तीही अण्णा टाकी बघून आल्यावर?

"अण्णा, टाकीचं काय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मिशीत हसले. "टाकी भरलेलीच असायची. अँटेनाला जरा हात लावून यायचो."

"अहो, पण म्हणजे आमचा शेवट तुमच्यामुळे गेला! तुम्ही अँटेना धरली नव्हती?"

"धरली होती की. शेवटी सुटली हातातनं. तुझी आई आली होती चहा घेऊन." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "दोन खोल्यांत सहा माणसं आपण. तिच्याशी दोन शब्द बोलायला जागा होती का कुठे? बुधवारचा तेवढा अर्धा तास. ती कठड्याला टेकून बसायची, आम्ही दोघं एका कपातनं चहा घ्यायचो आणि तांबोळकर बघायचो. गायनमास्तर पहिल्यांदा तिनेच ओळखला. खाली आलो तर तुम्ही तिघं साफ चुकीचं सांगताय! मला ते ऐकवेना. बोललो असतो तर सगळं बाहेर पडलं असतं, म्हणून कानात बोटं घातली."

मालूआत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आणि वहिनी मला सांगायची, वर वारा फार सुटलाय म्हणून उशीर झाला."

"मग एवढा खटाटोप का करू दिलात मला?" मी विचारलं. "शेवट तुम्हाला माहीतच होता ना!"

"मला शेवट कुठे बघायचा होता?" अण्णा म्हणाले. "ती धून ऐकायची होती गं. धून वाजली आणि ती शेजारी बसल्यासारखं वाटलं. तू काय केलंस ते तुला कळायचं नाही."

मला रडू आवरेना. हर्षल रडला, गुरुजी रडले, मागे रंगूबाईसुद्धा रडत होत्या. बोरस्तेंनी आईला बागेतली फुलं तोडायची जाहीर परवानगी दिली, टाळ्या झाल्या, आणि पडद्यावर खंडेरावांच्या मेहुण्याची वरात एकदाची मांडवात पोचली.

संध्याकाळी घर शांत झालं. अण्णा आपल्या खुर्चीत, हातात रिमोट. मी म्हटलं, "अण्णा, त्याग तर काही निघाला नाही. रिमोट उपेंद्रला द्या आता."

"बघू," म्हणाले, आणि चॅनल बदललं.

उपेंद्र उठून चप्पल घालायला लागला.

"कुठे निघालास?"

"गच्चीवर. अँटेना हलली असेल."

"अरे, आपल्याकडे अँटेना कुठाय? वायफाय आहे!"

"मग वायफाय हलला असेल," तो दाराबाहेर जाता जाता म्हणाला. "चहा घेऊन येशील ना वर?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली, आणि अख्ख्या शाळेच्या चिठ्ठ्या पकडणाऱ्या मला हा इशारा कळायला पूर्ण दोन मिनिटं लागली! मी गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं. बाहेरून अण्णांनी टीव्हीचा आवाज मोठा केला आणि ओरडले, "एकच कप ने गं! दोन नेलेस की लवकर संपतो!"